चूल महागली असताना जनतेचा कौल घेणारा पंतप्रधान : हॅरॉल्ड विल्सन

घरात चूल पेटवणं महाग झालं की माणूस आधी सरकारवर चिडतो. अशा चिडलेल्या लोकांपुढं देशाच्या मोठ्या कराराचा प्रश्न मतदानाला ठेवणं ही साधी गोष्ट नव्हे. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी १९७५ साली ती जोखीम घेतली.

विल्सन यांचा जन्म ११ मार्च १९१६ रोजी हडर्सफील्ड या गिरण्यांच्या गावात झाला. वडील रसायनतज्ज्ञ होते. मंदीत त्यांची नोकरी गेली आणि घरानं बेकारीचे चटके सोसले. पोरगं मात्र हुशार निघालं, ऑक्सफर्डला शिकलं. दुसऱ्या महायुद्धात विल्सन सरकारच्या इंधन खात्यात होते. देशाला कोळसा किती लागतो, खाणीतून किती निघतो, हा हिशोब त्यांना तोंडपाठ. १९४५ ला ते मजूर पक्षाचे खासदार झाले, १९६४ ला पंतप्रधान. १९७० ला सत्ता गेली.

जानेवारी १९७३ मध्ये हीथ सरकारनं ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारात नेलं. जनतेला थेट विचारलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा पिंप ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. त्यात खाणकामगारांचं आंदोलन. बहुतेक कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळू लागली, टीव्ही रात्री साडेदहाला बंद. या गोंधळात निवडणूक झाली आणि मार्च १९७४ मध्ये विल्सन परत आले.

युरोपशी अटी पुन्हा ठरवू आणि शेवटचा निर्णय जनतेवर सोपवू, असं वचन त्यांनी दिलं होतं. पक्षातली भांडणं झाकायची ही युक्ती आहे, अशी टीका झाली. तीत तथ्यही होतं. पण वचन त्यांनी पाळलं. मंत्रिमंडळात १६ जण राहण्याच्या बाजूनं, ७ विरोधात. त्या सातही जणांना त्यांनी उघड विरोधी प्रचार करू दिला, कुणाचं मंत्रिपद काढलं नाही.

त्या वर्षी महागाई २४ टक्क्यांच्या आसपास होती. वीज, गॅस, कोळसा सगळंच चढलेलं. त्यामुळं प्रचार थेट स्वयंपाकघरात शिरला. मंत्री बार्बरा कॅसल ब्रसेल्सला जाऊन बाजार करून आल्या, तिकडं माल किती महाग आहे ते दाखवायला. बाहेर पडलो तर रोजगार जातील, असं दुसरी बाजू सांगत होती. पैसा आणि बहुतेक वर्तमानपत्रं राहणाऱ्यांच्या बाजूला होती. तरी घरोघरी तीन पत्रकं गेली. एक राहण्याच्या बाजूचं, एक विरोधाचं, एक सरकारचं.

५ जून १९७५ ला मतदान झालं. ६७.२ टक्के लोकांनी युरोपात राहण्याचा कौल दिला. तेलाची भाववाढ सगळ्या युरोपालाच भोवत होती, बाहेर पडून बिल कमी होणार नव्हतं. १३ दिवसांनी, १८ जूनला, उत्तर समुद्रातलं पहिलं तेल ब्रिटनच्या किनाऱ्याला लागलं.

१९७६ मध्ये विल्सन यांनी स्वतःहून खुर्ची सोडली. २४ मे १९९५ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये ब्रिटननं पुन्हा मतदान घेतलं आणि ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. निकाल उलटा लागला, पण असा प्रश्न जनतेनं सोडवायचा ही वाट विल्सन यांनीच पाडलेली.