पोंगारोआचे मॉरिस विल्किन्स

न्यूझीलंडच्या शंभर डॉलरच्या नोटेवर रदरफर्ड आहेत, त्यामुळे इथे आलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतात. (ती नोट आपल्या खिशात कितीदा असते, ते सोडा!) मॉरिस विल्किन्स मात्र आपल्या मंडळींना फारसे माहीत नसतात. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितोय.

नॉर्थ आयलंडमधल्या पोंगारोआ या लहानशा गावात 1916 साली त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. सहा वर्षांचे असताना कुटुंब इंग्लंडला गेलं. युद्धात त्यांनी रडारवर, पुढे अमेरिकेत अणुबॉम्बसाठीच्या युरेनियमवर काम केलं. बॉम्ब पडल्यावर त्यांचं मन त्यातून उडालं आणि ते जीवशास्त्राकडे वळले.

1950 मध्ये त्यांना स्वित्झर्लंडच्या सिग्नर यांच्याकडून उत्तम डीएनए मिळाला. त्याच्या ओल्या, चिकट गोळ्याला काचेची कांडी लावून उचलली, की पाकाची निघते तशी बारीक तार निघायची! तिच्यावर क्ष-किरण सोडून फोटो घ्यायचे. तार सुकली की चित्र बिघडायचं, म्हणून कॅमेऱ्यात दमट हवा ठेवत. पाण्याचे रेणू डीएनएला बिलगून असतात, ते गेले की त्याची ठेवणच बदलते.

हे बिलगणं म्हणजे हायड्रोजन बंध. एका रेणूतल्या किंचित धन हायड्रोजनला शेजारच्या रेणूतला किंचित ऋण ऑक्सिजन किंवा नायट्रोजन ओढतो. डीएनएचे दोन धागेही असेच जोडलेले असतात: ए-टी जोडीत दोन बंध, जी-सी जोडीत तीन. एकेक बंध अगदी कमजोर, पण हजारोंनी मिळून घट्ट. तरी नक्कल काढायची वेळ आली, की पेशी त्यांना चेनसारखं उघडते. पक्के रासायनिक बंध असते तर हे इतकं सहज जमलं नसतं.

विल्किन्स यांचं रोझलिंड फ्रँकलिन यांच्याशी कधी जमलं नाही. जानेवारी 1953 मध्ये त्यांनी फ्रँकलिन यांच्याकडचा प्रसिद्ध फोटो त्यांना न विचारता वॉटसनना दाखवला. मला हे पटत नाही, कितीही आपला माणूस म्हटला तरी. वॉटसन-क्रिकचं मॉडेल एप्रिलमध्ये छापून आलं. ते अधिक अचूक फोटो काढून तपासायचं किचकट काम मात्र विल्किन्स पुढे कित्येक वर्षं करत राहिले. 1962 चं नोबेल तिघांना मिळालं. फ्रँकलिन 1958 मध्येच गेल्या होत्या, अवघ्या सदतिसाव्या वर्षी.

विल्किन्स 2004 मध्ये गेले. ऑकलंड विद्यापीठात त्यांच्या नावाचं संशोधन केंद्र आहे.