महंमद तुघलकाचा तांब्याचा टंका

रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना भांडुपच्या आमच्या घरात आजही आधी चांदीचा भाव विचारला जातो. साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब पाठच असतो. नाण्यातला धातू मोलाचा की त्यावरचा मजकूर, हा प्रश्न महंमद बिन तुघलकाने सातशे वर्षांपूर्वी राज्य पणाला लावून विचारला.

१३२५ मध्ये तो दिल्लीच्या तख्तावर आला. फारसीवर हुकमत, देखणं हस्ताक्षर, तर्कशास्त्राची ओढ. आणि रागही तसाच जबरदस्त. १३२७ मध्ये देवगिरीचं दौलताबाद करून त्याने तिथे राजधानी नेली. मराठीत ‘तुघलकी कारभार’ रुळला तो अशाच निर्णयांमुळे.

पुढे चांदी अपुरी पडू लागली. चीनमध्ये कागदी चलन चालत होतं. इराणात गैखातूने १२९४ मध्ये तबरीझला तसंच करून पाहिलं, तेव्हा बाजारच बंद पडले. तरीही हिजरी ७३० च्या सुमारास सुलतानाने पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवली. त्यांतल्या काहींवर दौलताबादच्या टांकसाळीचं नाव आहे. एका बाजूचा फारसी मजकूर सांगतो की, हा चालू टंका आशाळू बंदा महंमद तुघलक याच्या काळात उमटवला गेला. दुसऱ्या बाजूला सुलतानाच्या आज्ञापालनाची अरबी ताकीद. ताकीद छापावी लागली, यातच सगळं आलं.

नाणं पाडायची रीत साधी होती. खालचा ठसा ठोकळ्यात पक्का, त्यावर धातूची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. ठसा कोरता येणाऱ्या कुणालाही हे घरी जमण्यासारखं होतं, आणि जमलंही. लोक घरच्या टंक्यांत सारा भरू लागले, चांदी दडवू लागले.

दोनेक वर्षांत सुलतानाने हुकूम मागे घेतला. इथे तो वेगळा वाटतो. आणून दिलेल्या तांब्याच्या बदल्यात त्याने खजिन्यातून सोनं-चांदी मोजली. खरं-खोटं निवडणं अशक्य होतं; खोट्यालाही दाम मिळाला. तुघलकाबादेत परत आलेल्या तांब्याचे ढीग पडले.

नंतरची वर्षं बंडांची. क्रूर शिक्षांनी ती वाढलीच. १३४७ मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्य उभं राहिलं. त्याआधीच त्याने नाण्यांवरून स्वतःचं नाव काढून खलिफाचं घातलं होतं.

१३५१ मध्ये सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ त्याने आशूराचा रोजा धरला. रोजा सोडल्यावर मासे खाल्ले, ते बाधले, ताप उलटला आणि तो गेला. गादीवर आलेल्या फिरोजशाहने त्याच्या शिक्षांना बळी पडलेल्यांच्या वारसांना भरपाई दिली, त्यांच्याकडून माफीचे कागद लिहून घेतले आणि पेटीत घालून कबरीच्या उशाशी ठेवले.