पक्ष्याच्या पायातले कडे आणि माकडताप

पावसाळा सरला की सरावली-डहाणूच्या किनारपट्टीवर कुरव, सुरय, तुतवार, चिखले दिसू लागतात. त्यांतले बरेचसे हिमालयापलीकडून, काही तर थेट सैबेरियाकडून येतात. एवढ्या दुरून येणारे हे पाहुणे आजारही आणतात का, असे अनेक जण विचारतात. ही शंका जुनी आहे आणि तिचा शोध घेण्यात सालिम अली यांचे काम पायाभूत ठरले. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. त्याचा शेवटचा दिवस म्हणजे सालिम अलींची जयंती.

त्यांचा जन्म 1896 सालचा, मुंबईतला. आई-वडील लवकर गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला. शाळेत असताना डोकेदुखीने त्यांना हैराण केले होते. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. तिथून जी गोडी लागली ती कायमची.

पुढची वाट सरळ नव्हती. काही वर्षे ते ब्रह्मदेशात धंद्यात होते. परतल्यावर मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून 1930 मध्ये आले, तर तीच जागा रद्द झालेली. तेव्हा किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. एकच नर अनेक घरटी विणतो आणि एकामागून एक माद्यांशी संसार मांडतो, हे रोज तासन्‌तास बसून टिपले. 1939 मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर पत्नी तेहमिना गेल्या. काम मात्र थांबले नाही.

1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाने, रक्तस्रावाने माणसे दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरणारा आणि रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूंचा जवळचा नातलग निघाला. साहजिकच संशय स्थलांतरी पक्ष्यांवर आला: गोचिडी त्यांच्या अंगावर बसून आल्या असतील का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली सोसायटीने हे काम हाती घेतले. जाळ्यात पक्षी धरायचे, गोचिडी वेचायच्या, रक्ताचा नमुना घ्यायचा, पायात क्रमांकाचे कडे घालून सोडून द्यायचे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील कोडिक्करई हे यातले एक मोठे केंद्र झाले. 1967 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले. कडे घातलेले काही पक्षी पुढे सोव्हिएत प्रदेशात सापडले आणि त्यांचे मार्ग कळू लागले. मात्र त्यांनी हा विषाणू सैबेरियातून आणल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तो इथल्याच जंगलात गोचिडी, लहान सस्तन प्राणी आणि माकडे यांच्यात फिरतो.

हा फरक उपचारापेक्षाही प्रतिबंधासाठी महत्त्वाचा. दोष पक्ष्यांना देत बसलो असतो तर खरा धोका, म्हणजे जंगलातली गोचिडी, नजरेआड राहिला असता. 2016 पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तिथे अंगभर कपडे, गोचिडी दूर ठेवणारे तेल आणि जंगलातून आल्यावर आंघोळ यांचाच उपयोग होतो.

सालिम अली 20 जून 1987 रोजी कर्करोगाने गेले. या हंगामात किनाऱ्यावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी दुर्बीण घ्यावी, थव्यापासून लांब राहावे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. बरेच पक्षी एकदम मेलेले दिसले तर पशुसंवर्धन किंवा वन विभागाला कळवावे. आणि एखाद्याच्या पायात कडे दिसले, तर दुरूनच क्रमांक टिपून सोसायटीला जरूर कळवावा.