सालिम अलींच्या हाती लागलेली ‘ती’ पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती? अंगणातल्या वेगळ्या रंगाच्या पक्ष्यांमागचं विज्ञान काय?

दाणे टिपायला आलेल्या चिमण्यांमध्ये एखादी वेगळीच दिसते. गळ्यावर पिवळा डाग, नाहीतर पंखात पांढरी पिसं. फोटो ‘दुर्मिळ पक्षी’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, कुणी तिला पकडायलाही धावतं. १९०८ मध्ये मुंबईतल्या एका शाळकरी मुलासमोर अशीच चिमणी आली. त्याने तर ती छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडली.

कोण होता तो मुलगा?

सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. भावंडांत सर्वांत धाकटा. तीन वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी खेतवाडीतल्या घरी वाढवलं. पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ही खायला चालते का, असा प्रश्न पडला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

मिलार्डनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटंही उघडून दाखवली. घरातली चिमणी आणि ही, दोन जाती वेगळ्या होत्या. पिवळा डाग हा बिघाड नव्हता, तो या जातीचा नेहमीचा रंग. हिला रानचिमणीही म्हणतात. पाठीवर रेघा नाहीत, नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा, घरटं झाडाच्या ढोलीत. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात बांधावरच्या झाडांवर ती दिसू शकते.

पदवी नाही म्हणून नोकरी नाही

पुढची वाट सरळ नव्हती. ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यात काही वर्षं गेली. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली जागा पदवीअभावी हुकली. मुंबईच्या संग्रहालयात गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. बर्लिनला शिकून १९३० मध्ये परतले तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झालेलं. (इंजिनीअरिंग करून बातम्या लिहिणाऱ्याला हा भाग जरा जास्तच जवळचा वाटतो.)

मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणींचा अभ्यास केला. इथेही रंगाचाच खेळ: पावसाळ्यात, विणीच्या काळात नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, एरवी तो चिमणीच्या मादीसारखा दिसतो. पाहणाऱ्याला दोन वेगळे पक्षी वाटावेत!

त्यानंतर त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. अंबड तेव्हा याच संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. सामान्य माणसाला चित्र पाहून पक्षी ओळखता येऊ लागला.

मग पांढरी चिमणी?

ती खरोखरच वेगळी असते, पण जात घरचिमणीचीच. पिसांचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो. काही पिसांपर्यंत ते पोहोचलं नाही तर ती पांढरी राहतात, डोळे मात्र काळेच. याला ल्युसिझम म्हणतात. शरीराला मेलॅनिन बनवताच येत नसेल तर तो अल्बिनो: डोळे लालसर, नजर कमजोर. असा पक्षी रानात फार काळ तगत नाही. म्हणून आधी डोळे बघा. अशी पिसं जन्मजात असू शकतात, निकृष्ट अन्नामुळेही येऊ शकतात. यात शुभ-अशुभ काही नाही. चिमणी पकडून पिंजऱ्यात ठेवणं मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

सालिम अलींना १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. नाव, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. छत्रपती संभाजीनगरमधल्या तलावाला त्यांचं नाव आहे.