महात्मा जोतीराव फुले आणि विद्यामंदिराचे द्वार

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म आमच्या जिल्ह्यातला नव्हे. परंतु त्यांच्या जीवितकार्याची एक ठिणगी याच भूमीत पडली, याचा आम्हांस रास्त अभिमान वाटतो.

जोतीराव १८२७ साली जन्मले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. त्यांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे नोकरीस होते. त्यांजकडे आले असता जोतीरावांनी अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. पुढे १८४८ साली त्यांनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचे धडे नगरास मिस फरार यांजकडे घेतले. या कार्यापायी उभयतांस वडिलांचे घर सोडावे लागले, तरी त्यांचे पाऊल मागे सरले नाही. १८५२ साली त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा उघडली. केवळ स्वज्ञातीपुरती शाळा काढली असती, तर त्यांस कमी त्रास झाला असता. परंतु ज्यांस कोणीच आत घेत नाही, त्यांच्यापासून आरंभ करणे हाच त्यांचा धर्म होता.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी आपले निवेदन सादर केले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस मिळतो, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत वरकरणी न्याय्य खरी. पण तीमुळे मागासलेल्या वर्गांत विद्या पसरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही, त्यांस काही शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यांनी सुचविले. ज्याच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तके आहेत आणि ज्याच्या घरी दिवाही नाही, त्या दोघांस एकच प्रश्नपत्रिका दिल्याने न्याय पुरा होत नाही, हे मर्म त्यात आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. आज नामांकित शाळांच्या प्रवेशासाठी आम्ही ओळखीपाळखी शोधतो, वशिल्याची चिठ्ठी मिळाली की धन्यता मानतो. पण ती एक जागा कोणा अनोळखी, लायक लेकराच्या हातून गेलेली असते. ज्ञातिबांधवहो, आमच्यापैकी जे शाळांच्या व्यवस्थापनात किंवा शिष्यवृत्ती समितीत बसतात, त्यांनी स्वतःच्या भाच्यापुतण्याचा अर्ज समोर येताच आसन सोडून उठावे. जोतीरावांच्या प्रतिमेस हार घालण्याचा अधिकार त्यानेच प्राप्त होईल.