नांदेडची वाट

लातूरहून नांदेडला एस. टी.ने यावयाचे तर तीन-चार तास लागतात. पंजाबातील अमृतसर नांदेडपासून सरळ रेषेत सुमारे चौदाशे किलोमीटर दूर. पण विमान तेवढे अंतर साधारण अडीच तासांत ओलांडते. म्हणजे दूरचे अमृतसर शेजारच्या लातूरपेक्षाही जवळ आले म्हणावयाचे! आगगाडीस मात्र दीड दिवस लागतो. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग पंजाबातून नांदेडला आले, तेव्हा त्यांस जवळजवळ दोन वर्षे लागली.

गोविंदसिंगांचा जन्म २२ डिसेंबर १६६६ रोजी पाटणा येथे झाला. ते जवळजवळ नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील गुरू तेगबहादूर यांचा औरंगजेबाच्या आज्ञेने दिल्लीत शिरच्छेद झाला आणि गुरुपदाचा भार त्या बालकावर आला. १६९९ साली आनंदपूर येथे त्यांनी खालसा पंथ स्थापन केला. पुढे मोगलांशी झालेल्या संग्रामात त्यांचे चारही पुत्र गेले. थोरले दोघे चमकौरच्या रणात पडले. धाकट्या दोघांस सरहिंदचा अधिकारी वजीरखान याने भिंतीत चिणून मारविले. त्या वेळी धाकटे दोघे तुमच्याहूनही लहान होते.

या अन्यायाची दाद बादशहासमोरच मागावी, म्हणून १७०६ च्या ऑक्टोबरात गुरू पंजाबातील तळवंडीहून दक्षिणेस निघाले. औरंगजेब तेव्हा अहमदनगरास होता. परंतु गुरू राजस्थानात असतानाच बादशहा मरण पावल्याची वार्ता आली. ज्याला भेटावयाचे तोच उरला नाही! तख्तासाठी भावाभावांत लढाई जुंपली. गुरूंनी बहादुरशहास साहाय्य केले, आणि तो विजयी झाल्यावर आग्र्यास त्याची भेट घेतली. नव्या बादशहाने त्यांचा सन्मान केला. न्याय मात्र लांबणीवर पडत गेला.

बहादुरशहा आपल्या दुसऱ्या भावाचे बंड मोडण्यास दक्षिणेकडे वळला. गुरूही त्याच्या छावणीबरोबर निघाले. हत्ती, बैल, तोफा, तंबू आणि बाजार घेऊन चालणारी ती छावणी म्हणजे एक फिरते शहरच होते. तिची चाल वाऱ्यावर ठरत नसे. ती दाणावैरणीवर, नद्यांच्या पुरावर आणि बादशहाच्या मर्जीवर ठरे. बऱ्हाणपुराजवळ तापी ओलांडून १७०८ च्या पावसाळ्यात गुरू गोदातीरी नांदेडला पोचले.

येथे त्यांस माधोदास नावाचा बैरागी भेटला. गुरूंचा शिष्य होऊन तो बंदासिंग झाला. बादशहाकडून न्याय मिळेना, तेव्हा गुरूंनी बंदासिंगास पंजाबात धाडले. गुरू स्वतः मात्र परतले नाहीत. एका पठाणाने त्यांच्यावर कट्यारीचा वार केला. जखम शिवली होती. पण धनुष्य ओढताना टाके उसवले, असे सांगतात. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी, एकेचाळीस वर्षांचे असताना, त्यांनी देह ठेवला. आपल्यामागे कोणी व्यक्ती गुरू होणार नाही, ग्रंथसाहेबच गुरू, असे त्यांनी ठरविले. त्या ग्रंथात आपल्या संत नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी नांदेडहून फारसे दूर नाही, आणि तेही कित्येक शतके आधी पंजाबात जाऊन राहिले होते.

बंदासिंगाने १७१० साली सरहिंद जिंकले. वजीरखान त्या लढाईत मारला गेला. पुढे महाराजा रणजितसिंग यांनी गुरूंच्या निर्वाणस्थानी १८३२ ते १८३७ या काळात भव्य गुरुद्वारा बांधविला. पंजाबातून येणारे यात्रेकरू गाडीतून उतरले की प्रथम तेथेच जातात.