पाण्याचा खजिना

मराठवाड्यातील बीड जिल्हा हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा प्रदेश. पश्चिमेकडून येणारे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि बालाघाटच्या पठारावर पोहोचेपर्यंत त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे उरत नाही. अशा प्रदेशात राज्यकर्त्याची खरी कसोटी रणांगणापेक्षा पाणवठ्यावरच लागते. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी या कसोटीला उतरलेला एक कारभारी म्हणजे निजामशाहीचा वजीर सलाबतखान होय.

त्या काळी अहमदनगरच्या गादीवर मुर्तझा निजामशहा होता. तो १५६५ मध्ये सत्तेवर आला. परंतु पुढे त्याचे मन राज्यकारभारावरून उडाले. तो एकांतवासात राहू लागला आणि लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. राजाच असा उदासीन झाला म्हणजे राज्याची घडी विसकटण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी सलाबतखानाने कारभाराची सूत्रे हाती घेतली. त्याने वाटा निर्भय केल्या आणि रयतेला दिलासा दिला. अहमदनगरजवळ तळ्याच्या मध्यभागी उभारलेला फराहबाग हा महाल त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये पुरा झाला.

बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. येथे महाल बांधण्यापेक्षा पाणी उपलब्ध करून देणे अधिक अगत्याचे होते. पाऊस लहरी, म्हणून आकाशाकडे डोळे लावून बसण्याऐवजी भूमीच्या पोटातील पाण्याचा शोध घेणे हाच मार्ग होता. परंतु ते पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते कोठे साचते, कोणत्या थरातून पाझरते, जमिनीचा उतार कोणत्या दिशेला किती आहे, हे जाणणारा माणूस हवा. असा माणूस सलाबतखानाला भास्कर या स्थापत्यकाराच्या रूपाने लाभला. लोक त्याला राजा भास्कर म्हणून ओळखतात. वजिराजवळ सत्ता व द्रव्य होते. भास्कराजवळ विद्या होती. केवळ द्रव्याने झरा सापडत नाही आणि केवळ विद्येने दगड हलत नाही. दोहोंचा मेळ जमला आणि १५८२ च्या सुमारास बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर एक अपूर्व विहीर सिद्ध झाली. हीच ती खजाना बावडी.

या विहिरीची रचना मोठी कौतुकास्पद आहे. तिला तीन भुयारी मार्ग आहेत. दोन मार्गांनी भूगर्भातील पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्या मार्गाने ते बाहेर पडून खालच्या अंगाच्या शेतमळ्यांकडे वाहत जाते. हे पाणी वर काढण्यास ना मोट लागते, ना बैल. जमिनीच्या नैसर्गिक उताराचा अचूक उपयोग केल्यामुळे पाणी आपल्याच ओघाने शेतापर्यंत जाऊन पोहोचते. मार्ग भूमिगत असल्याने उन्हाने पाणी आटत नाही. उतार अधिक झाला तर प्रवाह भुयाराची झीज करतो. कमी झाला तर गाळ साचतो. आजची यंत्रे नसताना हा उतार साधणे ही सामान्य गोष्ट नव्हे. अनेक दुष्काळांत या विहिरीने पाणी टिकवून ठेवले, अशी तिची ख्याती आहे.

खजिना म्हटला की सोन्यारुप्याचे ढीग डोळ्यांसमोर येतात. परंतु बीडच्या लोकांनी हे नाव एका विहिरीला दिले. तहानेची किंमत ज्यांना ठाऊक असते, त्यांना खरे धन कोणते हे शिकवावे लागत नाही.

सलाबतखानाचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. निजामशहाचे मन त्याच्याविषयी कलुषित झाले. ज्याने राज्य सावरले त्यालाच पदच्युत करून कैदेत टाकण्यात आले. त्याने राजाविरुद्ध शस्त्र उचलले नाही. निमूटपणे बंदिवास पत्करला. १५८८ मध्ये मुर्तझा निजामशहाचा त्याच्याच पुत्राकडून अंत झाला आणि राज्यात बेबंदशाही माजली. त्यानंतर थोड्याच काळात सलाबतखानही मरण पावला. अहमदनगरजवळच्या शाह डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी वास्तूत तो चिरनिद्रा घेत आहे. दैवगती अशी की, त्या वास्तूलाही लोक चांदबिबीचा महाल म्हणूनच ओळखतात!

कबरीवरचे नाव असे दुसऱ्याला गेले. निजामशाहीही लयास गेली. परंतु भास्कराच्या विद्येवर विश्वास ठेवून त्याने जे द्रव्य भूमीत ओतले, ते शतकानुशतके पाणी होऊन रयतेकडे परत आले. पाऊस आजही लहरीच आहे आणि मराठवाड्याची तहान अजून भागलेली नाही. पाणी अडवण्याचे, जिरवण्याचे, जपून वापरण्याचे नवे उपाय शोधणारे तरुण आजही गावोगाव आहेत. जो समाज त्यांना वेळीच हात देईल, त्याचाच खजिना भरलेला राहील.